रद्दी आणि रुमाल

दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात आपल्याकडे घराघरांतले माळे रिकामे होतात. वर्षभर वर टाकलेले सारे खाली येते आणि मग त्याची निवड सुरू होते. अलीकडे या निवडीला एक नवे वळण लागलेले दिसते. तांब्याचे घंगाळ, पितळेचा डबा, आजीचा अडकित्ता यांना बरे दिवस आले आहेत. चिंच लावून ती घासली जातात आणि दिवाणखान्यात, दूरचित्रवाणी संचाच्या शेजारी मांडली जातात. घंगाळात कागदी फुले, डब्यात काही नाही. ज्या घरात आजी कोपऱ्यातल्या खोलीत एकटी बसलेली असते, त्याच घरात आजीचा अडकित्ता पाहुण्यांना कौतुकाने दाखवला जातो, हेही पाहिले आहे. जुन्याची आवड निर्माण झाली म्हणून आनंद मानायचा, तर त्याच माळ्यावरून खाली आलेली एक वस्तू मात्र सरळ रद्दीवाल्याच्या तराजूत जाते. मळकट फडक्यात बांधलेली कागदांची गाठोडी. त्यांना चमक नाही, ती घासता येत नाहीत, आणि त्यांत काय लिहिले आहे हे घरातल्या कोणालाच वाचता येत नाही.

या गाठोड्यांना आपल्याकडे रुमाल म्हणतात. खिशातला रुमाल नव्हे, दप्तराचा रुमाल. जाड सुती कापडाचा चौकोन, त्यात एकावर एक रचलेले कागद, वरून दोरी. कागद हातबनावटीचा, जुन्नरचा किंवा दौलताबादचा. शाई काजळ आणि डिंकाची, म्हणूनच दोनशे वर्षे झाली तरी ती काळी आहे. परवापरवाच्या आपल्या बॉलपेनच्या पावत्या मात्र फिकट होऊन गेल्या. टीपकागद नव्हता, तेव्हा ओल्या अक्षरांवर वाळू भुरभुरत. जुना कागद उलगडला की अजूनही तिचे चार कण हाताला लागतात. मजकूर मोडीत. आधी वर आडवी रेघ मारून घ्यायची आणि मग बोरू शक्यतो न उचलता तिच्याखाली अक्षरे धावती ठेवायची, अशी ती लिपी. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती शाळांतून शिकवली जात होती. ज्यांचे वय आज ऐंशीच्या पुढे आहे अशा काही थोड्यांना ती लहानपणी गिरवल्याचे आठवते. बाकीच्यांना ती परकी आहे.

अशा रुमालांचे मोल ओळखणारी पहिली माणसे बहुतेक आमच्याच धंद्यातली, म्हणजे मास्तर होती, हे सांगताना मला थोडा अभिमान वाटतो. १८७८ मध्ये 'काव्येतिहाससंग्रह' हे मासिक निघाले. ते चालवणारे काशिनाथ नारायण साने आणि जनार्दन बाळाजी मोडक दोघेही शिक्षण क्षेत्रातले. पण आपल्या भागाला सर्वांत जवळचे उदाहरण मिरजेचे. वासुदेव वामनशास्त्री खरे (१८५८–१९२४) हे मूळचे गुहागरचे. मिरजेच्या हायस्कुलात ते संस्कृत शिकवीत. नाटककार म्हणूनही त्यांचे नाव होते. 'गुणोत्कर्ष', 'शिवसंभव', 'उग्रमंगल' ही त्यांचीच नाटके. पटवर्धन सरदारांच्या दप्तरातली पत्रे त्यांच्या हाती आली आणि पुढे त्यांनी उरलेले आयुष्य त्यांना देऊन टाकले. १८९७ पासून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' या नावाने ती पत्रे प्रसिद्ध होऊ लागली आणि शास्त्रीबुवांच्या अखेरपर्यंत ते काम चालले. दिवसा वर्गात रूपावली आणि कालिदास, शाळा सुटल्यावर मोडीचे कागद. पत्र लावायचे, त्याची तारीख ठरवायची, माणसे ओळखायची, बालबोधीत नक्कल करायची, मागचापुढचा धागा सांगणारी प्रस्तावना लिहायची, मग मुद्रिते तपासायची. आज एखाद्या विद्यापीठाचा विभागही अंगावर घ्यायला कचरेल असे हे काम एका शाळामास्तराने मास्तरकी सांभाळून केले.

अशा कामात कागद वाचणे हा भाग सोपाच म्हणायचा. कठीण असते ते कागद मिळवणे. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे (१८६३–१९२६) यांनी गावोगाव पायपीट करून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे बावीस खंड उभे केले, त्यातला पहिला १८९८ चा. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले तेही त्यांच्याच पुढाकाराने. पण दप्तराचे मालक दाराशी आलेल्या संशोधकाला पाहून खूश होत असत असे मुळीच नव्हते. कोणी टाळाटाळ करी, कोणी कागदच नाहीत म्हणे. हा निव्वळ अडाणीपणा नव्हता, त्याला कारण होते. इंग्रजी अमलात इनामांची चौकशी सुरू झाली ती प्रथम १८४३ मध्ये आपल्याच दक्षिण मराठा मुलुखात. पुढे १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला धार आली. सनद दाखवा, नाहीतर जमीन सोडा, असा हा व्यवहार. ज्याच्याकडे कागद होता तो कसाबसा तरला. ज्याचा कागद वाळवीने खाल्ला त्याचे इनाम गेले. तेव्हापासून कागद ही जपून ठेवायची आणि परक्याला न दाखवायची चीज झाली. आपल्या घरांतून रुमाल टिकले ते इतिहासावरच्या प्रेमाने नव्हे, भीतीने टिकले. भीती संपली, कूळकायदा आला, वतने गेली, आणि रुमालांचा राखणदारच नाहीसा झाला. एका अर्थाने त्यांना आजच्याइतका धोका इंग्रजांच्या काळातही नव्हता.

या पत्रांत असते तरी काय, असे विद्यार्थी विचारतात. मी त्यांना धारवाडचा वेढा सांगतो, कारण धारवाड त्यांना बसने जाण्याइतके जवळ आहे. टिपूविरुद्ध मराठे, निजाम आणि इंग्रज एक झाले असताना परशुरामभाऊ पटवर्धन धारवाडच्या किल्ल्यापुढे बसले होते, १७९० च्या सप्टेंबरपासून १७९१ च्या एप्रिलपर्यंत. आत टिपूचा किल्लेदार बद्रुज्जमानखान. बाहेर मराठ्यांच्या जोडीला कॅप्टन लिटलची इंग्रज तुकडी. त्या तुकडीतल्या एडवर्ड मूरने या मोहिमेवर इंग्रजीत पुस्तक लिहिले, ते १७९४ मध्ये लंडनला छापले गेले. म्हणजे इंग्रज आपली बाजू तीन वर्षांत छापून मोकळा झाला. आपली बाजू पत्रांच्या रूपाने मिरजेत पडून होती, ती एक संस्कृतचा मास्तर भेटेपर्यंत, शंभरावर वर्षे.

आणि ही पत्रे कोणत्या भाषेत? मराठीत, हे खरे. पण त्या काळच्या मोडी पत्रांवरची सालाची रीत पाहा. वेढा पडला ते साल तीत लिहायचे तर 'इहिदे तिसैन मया व अलफ' असे लिहावे लागते. एक, नव्वद, शंभर आणि हजार, असे अरबी आकडे अक्षरी मांडून सुहूर सन ११९१. त्यात ५९९ मिळवले की १७९० येते. हे साल बदलते मृग नक्षत्राला सूर्य लागला की, म्हणून त्याला मृगसालही म्हणतात. सोवळ्यात जेवणारा कारकून साल घालताना अरबी मोजतो, हिशेबात फारसी शब्द वापरतो आणि गावांची नावे कानडी उच्चारांनी लिहितो. यात आपण काही वेगळे करतो आहोत असे त्याला वाटलेलेही नसणार.

जुने म्हणजे सोने, हे मला मान्य नाही. रुमालात वेठबिगारीचेही कागद असतात. कोणाला पंगतीत कुठे बसवायचे, कोणाकडून किती दिवस फुकट काम घ्यायचे, कोणाला पाणवठ्यावर येऊ द्यायचे नाही, याचे निवाडे असतात. वाडवडिलांच्या थोरवीचे पुरावे शोधायला रुमाल उघडणाऱ्याला पुष्कळदा तो घाईने पुन्हा बांधावासा वाटेल. याचे ठळक उदाहरण धारवाडच्या त्याच मोहिमेतले आहे. १७९१ मध्येच परशुरामभाऊंच्या फौजेबरोबरच्या लमाण-पेंढाऱ्यांनी शृंगेरीचा मठ लुटला. शंकराचार्यांना मठ सोडून कारकळला जावे लागले. ही गोष्ट आपल्या बखरी सांगत बसल्या नाहीत. ती जगापुढे नीट आली ती १९१६ मध्ये, म्हैसूर संस्थानच्या पुराणवस्तू खात्याचे प्रमुख आर. नरसिंहाचार्य यांना मठात जुन्या कागदांचे एक गाठोडे सापडले तेव्हा. त्यात टिपूने शंकराचार्यांना लिहिलेली सुमारे तीस कन्नड पत्रे होती. लुटीबद्दल खेद, मूर्तीची पुन्हा स्थापना करण्यासाठी पैसा आणि सामान पाठवण्याची व्यवस्था, असा त्यांतला मजकूर. ज्याला आपण केवळ मूर्तिभंजक म्हणून शिकलो तो इथे मठाला मदत करतो आहे आणि ज्यांना धर्मरक्षक म्हणून शिकलो त्यांच्या फौजेने तो मठ लुटला आहे. टिपूच्या एकूण कारभाराचा निवाडा या तीस पत्रांनी होत नाही, हे उघड आहे. त्याची दुसरी कृत्येही कागदांतच आहेत. पण विशेष हे की शृंगेरीच्या या प्रकाराचे पडसाद पटवर्धनी पत्रांतही उमटले आहेत आणि शास्त्रीबुवांनी ती पत्रे गाळली नाहीत. पटवर्धनांच्या मिरजेत राहून, पटवर्धनांच्या दप्तरातले, पटवर्धनांना न शोभणारे कागद त्यांनी छापले. जुन्याचा आदर म्हणजे काय, हे मला या एका गोष्टीत दिसते.

शृंगेरीचे गाठोडे कन्नड आणि मिरजेचे मोडी. दोन्ही एकत्र ठेवल्याखेरीज एका प्रसंगाची हकीकत पुरी होत नाही. आपल्या भागाचा इतिहास असा दोन दप्तरांत वाटला गेला आहे आणि दोन्ही वाचू शकणारा माणूस दुर्मिळ झाला आहे. पूर्वी तो होता. धारवाडचे शंकर बाळ जोशी, ज्यांना सारे कर्नाटक शं. बा. जोशी म्हणून ओळखते (१८९६–१९९१), बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. तेही शाळामास्तर. गावांच्या आणि नद्यांच्या नावांचा माग काढत महाराष्ट्रात कानडीची वस्ती किती जुनी आहे हे त्यांनी मांडले. त्यांची सारी मते पटतात असे नाही. मला तरी पटत नाहीत. पण या प्रश्नावर त्यांनी 'मऱ्हाटी संस्कृती : काही समस्या' हा ग्रंथ मराठीत लिहिला, तो १९५२ मध्ये निघाला. ज्यांच्याशी वाद घालायचा त्यांच्याच भाषेत तो घालायचा, ही त्या पिढीची रीत. १९५६ नंतर नकाशावर रेघ ओढली गेली आणि आमचे वाद मोठ्या आवाजाचे झाले. पण एकमेकांच्या भाषेत ते घालण्याची उमेद राहिली नाही. मोर्चाला माणसे मिळतात, मोडी वर्गाला मिळत नाहीत.

इथे आणखी एका स्नेहाची आठवण सांगितली पाहिजे. आपल्या वडोदऱ्याच्या वाचकांना तो परिचित असेल. गोविंद सखाराम सरदेसाई (१८६५–१९५९) सयाजीराव गायकवाडांच्या नोकरीत होते. बंगालचे यदुनाथ सरकार (१८७०–१९५८) इतिहासाचे प्राध्यापक. १९०४ च्या सुमारास दोघांचा पत्रव्यवहार सुरू झाला, तो सरकारांच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे पन्नासहून अधिक वर्षे चालला. मराठी कागद वाचता यावेत म्हणून सरकार मराठी शिकले. मते जुळत होती म्हणून हा स्नेह टिकला असेही नाही. मराठ्यांच्या राज्याबद्दल सरकारांचे काही निष्कर्ष पुण्याच्या विद्वानांना झोंबले, आणि सरदेसाईंना त्यांच्या मैत्रीपायी स्वकीयांचे बोल ऐकावे लागले. दोघांनीही आपापल्या मुलांचे मृत्यू पाहिले. त्या काळातही टपाल थांबले नाही.

या मैत्रीचे एक मोठे फळ म्हणजे पेशवे दप्तर. १८१८ नंतर पेशव्यांचे कागद इंग्रजांच्या ताब्यात गेले. त्यांनी ते सांभाळले ते इनामांचे दावे तपासण्यासाठी. हजारो रुमाल पुण्यात एका इमारतीत कुलपाबंद होते आणि सामान्य अभ्यासकाला तिथे प्रवेश नव्हता. सरकारांनी मुंबई सरकारकडे शब्द खर्च केला. मोडीचे अवघड काम सरदेसाईंनी, पासष्टीच्या घरात असताना, अंगावर घेतले. १९३० ते १९३४ या काळात निवडक कागदांचे पंचेचाळीस भाग छापून बाहेर पडले. घाई झाली, निवड सदोष आहे, अशी टीका झाली आणि ती सगळीच अनाठायी नव्हती. पण कुलूप उघडले ते उघडले. ते कोणा संस्थेच्या ठरावाने उघडले नाही. एका बंगाली आणि एका मराठी माणसाच्या जुन्या ओळखीने उघडले.

आता आपल्या घरांकडे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. कन्नडला तो २००८ मध्येच मिळालेला आहे. आपल्या गावातही पेढे वाटले गेले, फलक लागले. त्याच महिन्यात, दिवाळीच्या तोंडावर, आमच्या शाळेपासून हाकेच्या अंतरावरचे एक जुने घर नव्या इमारतीसाठी पाडले. सागवानी खांब आणि कडीपाटाच्या तुळया शहरातल्या एका हॉटेलवाल्याने चांगल्या पैशांनी उचलल्या. त्याला म्हणे जुन्या वाड्यासारखे जेवणघर उभारायचे आहे. कोनाड्यातले तीन रुमाल अंगणात पडले होते. मालक सज्जन गृहस्थ. म्हणाले, "गुरुजी, पवित्र कागद आहेत, जाळणार नाही, नदीत सोडतो." मी ते मागून घेतले. त्यांनी दिले, आणि वर मलाच धन्यवाद दिले.

त्यातला एक कागद आमच्या मुलांनी लावला. दर शनिवारी शाळा सुटल्यावर नववीची दहाबारा मुले मोडी गिरवायला बसतात. महिनाभर 'क' आणि 'फ' यांत गोंधळ होतो, मग हळूहळू डोळा बसतो. तो कागद म्हणजे एका बांधाच्या तंट्याचा महजर निघाला. म्हणजे गावकऱ्यांनी एकत्र बसून केलेला निवाडा. मजकूर मोडीत. खाली ज्यांना लिहिता येत नव्हते त्यांच्या निशाण्या. पाटलाचा नांगर, सुताराची पटाशी, परटाची मोगरी. त्यांच्याखाली दोन ओळी कन्नडमध्ये. ते जुने धावते कन्नड आमच्या मुलांना लागेना, आमच्या कन्नडच्या बाईंनाही दोन दिवस लागले. ती शेजारच्या गावच्या गौडाची साक्ष होती: बांध आपण डोळ्यांनी पाहिला आहे. तंटा ज्या दोघांचा, ती दोन्ही आडनावे आजही आमच्या हजेरीपटावर आहेत. मुलांनी ती मोठ्याने वाचली तेव्हा वर्गात हशा पिकला, कारण त्यातली एकाची पणतवंडे दुसऱ्याच्या पणतवंडांच्या शेजारीच बसली होती.

नव्याचे मला वावडे नाही. उलट आज जी सोय आहे ती खरेशास्त्र्यांना मिळती तर त्यांनी दहा वर्षे वाचवली असती. फोनवर कागदाचे छायाचित्र निघते, ते पुण्याला, कोल्हापूरला, हैदराबादला क्षणात जाते आणि जाणकार माणूस चार ओळी लावून परत पाठवतो. जमिनीच्या तंट्यांमुळे आपल्या जिल्ह्यांतून मोडी वाचणाऱ्याला पुन्हा मागणीही आली आहे, कारण महसुली दप्तरात मोडीचे कागद आजही पडून आहेत आणि ते वाचणारा तालुक्याला एखादाच असतो. वाचून देण्याचे पैसेही मिळतात. पोटापाण्यासाठी का होईना, कोणी मोडी शिकत असेल तर मला ते चालेल.

माळ्यावर रुमाल सापडलाच तर तो एकदम झटकू नये. कागद जसे रचले आहेत तो क्रम तसाच ठेवावा. क्रमातही माहिती असते. फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावू नये, ती दहा वर्षांत कागद खाते. प्लास्टिकच्या पिशवीत घालू नये, आत दमट होऊन बुरशी धरते. धुतलेले सुती कापड आणि कोरडी जागा पुरे, जोडीला कडुलिंबाचा वाळलेला पाला. छायाचित्रे क्रमाने, दिवसाच्या उजेडात, सावलीत काढावीत. घरात ठेवणे जमत नसेल तर पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ आहे, कोल्हापूरचे पुराभिलेखागार आहे. आणि द्यायच्या आधी एकदा स्वतः उलगडून पाहावा. वरचे 'श्री' कोणालाही लागते. त्याखालचा सुहूर सन लावायला एक संध्याकाळ पुरते.